पन्नास शब्दांची मर्यादा

मेलेल्या माणसाची एक मोठी सोय असते. आपल्याबद्दल कोण काय सांगतंय ते ऐकून तो "छे छे, असं नव्हतं" म्हणायला उठत नाही. या एकाच भरवशावर त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळं घराणं लेबलांच्या छापखान्यात जमलं होतं. यंत्रं बंद होती, आणि डिंकाच्या वासात माणसं एकमेकांकडे गोड हसत होती. या घरात गोड हसणं हे वादळाचं पहिलं लक्षण होतं.

मधला भाऊ जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. जिवंतपणी त्याला इथे कुणी खुर्ची दिली नाही. तो बसला तर स्टुलावर, नाहीतर कागदाच्या गठ्ठ्यावर. आता तो थोर कवी झाला होता. एका प्राध्यापकाला रद्दीच्या दुकानात त्याच्या नऊ कविता सापडल्या, लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेल्या. नऊच्या नऊ एका दाराविषयी. प्राध्यापकाने त्यांवर दोनशे ऐंशी पानं लिहिली. दार म्हणजे अस्तित्वाचा उंबरठा, दार म्हणजे देह, दार म्हणजे भाषेची हद्द, असं करत त्याने त्या दाराचं इतकं काही केलं की ज्या सुताराने ते बसवलं त्यालाही ओळखू आलं नसतं.

आता समग्र कवितांचं पुस्तक निघायचं होतं आणि शेवटी नातेवाइकांच्या आठवणी. प्रत्येकी पन्नास शब्द, एकही जास्त नाही. मर्यादा घालण्याचं कारण असं, की पहिल्यांदा मोकळं सोडल्यावर थोरल्या भावाने, दादांनी, चाळीस पानं धाडली होती आणि त्यातली अडतीस छपाईच्या यंत्रावर होती.

दुसऱ्या घरात पन्नास शब्द म्हणजे गळा आवळल्यासारखं झालं असतं. इथे ती चैन होती. तीन पिढ्या औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं छापून जगलेली ही माणसं. "एवढ्या जागेत मी तीन खोकले आणि एक खरूज बसवतो," असं दादांनी प्राध्यापकाला ऐकवलंही होतं. आणि लेबलाचा एक नियम त्यांच्या रक्तात भिनला होता: तारखेशिवाय काहीही बाहेर जायचं नाही. या घरातल्या प्रेमपत्रांवर तारीख असे, रुसून माहेरी गेलेल्या सुनांच्या चिठ्ठ्यांवर असे, आणि आजोबांनी तर म्हणे शेवटच्या घटकेला तारीख विचारली, कॅलेंडर आणवून खात्री केली आणि मगच डोळे मिटले. कॅलेंडर जुनं निघालं असतं तर म्हातारा आणखी आठवडाभर टिकला असता, असं मानणारे लोक अजून आहेत.

दादा, म्हणजे थोरले, छापखान्याचे मालक, टेबलाच्या मधोमध बसले होते. वय पंच्याहत्तर, पण आज अंगावर नवा कोट. पुस्तकाला त्यांची प्रस्तावना होती, आत त्यांचा फोटो होता, आणि फोटोत मधल्याच्या खांद्यावर जो हात होता तो फार मेहनतीने दुसऱ्या एका फोटोतून आणून चिकटवलेला होता. सगळं जुळून आलं होतं. अडलं होतं एका सहीवर, आणि ती सही समोर बसली होती.

"चिमणे, चहा घे ना," दादा म्हणाले.

चिमणी एकोणचाळीस वर्षांची होती. मधल्याची एकुलती एक लेक. कवितांचा हक्क तिचा. सोळा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली, त्यामुळे समोरच्या माणसाचं दुखणं खरं की रजेपुरतं, हे ती चिठ्ठी न बघता सांगत असे.

"चहा नको, मोठे काका. मी नाही सांगायला आले आहे."

"कशाला नाही?"

"सहीला. फोनवर सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणून समोर येऊन सांगते. आठ वर्षांची होते मी. हृदयाचं ऑपरेशन. बाबा सकाळी येणार होते, भूल द्यायच्या आधी. मी डॉक्टरांना दोनदा थांबवलं. ज्याला तेवढं जमलं नाही त्याची पुस्तकं निघोत नाहीतर पुतळे उभे राहोत, माझी सही मिळणार नाही."

प्राध्यापक चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता.

"अगं, तो माणूसच तसा," दादा हळहळत म्हणाले. मधल्याविषयी हळहळायचा त्यांना आता चांगलाच सराव झाला होता. "थोर माणसं संसाराला कुचकामी. त्याचं पिणं तुला का माहीत नाही? त्या दिवशीही पडला होता पिऊन. पण आठवणी तरी ऐक. आम्ही त्याला किती जपलं ते कळेल, मग तूच म्हणशील आणा पेन."

दाराजवळच्या खुर्चीत गणितबाई बसल्या होत्या. मधल्याची बायको. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या, त्यामुळे बोलण्यात एक आकडा इकडचा तिकडे नाही. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. एकतीस वर्षांनी या छापखान्यात आल्या होत्या त्या आठवण द्यायला. पोस्टाने पाठवली असती, पण दादा ती वाचतील तेव्हा त्यांचं तोंड बघायचं होतं. आयुष्यात त्यांनी स्वतःचे असे फार थोडे लाड केले होते. त्यातला हा एक.

"वाचा," त्या म्हणाल्या. "पन्नास शब्दांनी काही मरत नाही कुणी."

प्राध्यापकाने घसा साफ केला आणि दादांचं कार्ड उचललं. तो असा वाचत होता की जणू पुढच्या ओळीत देव प्रकट होणार आहे.

"'कवीला एकांत लागतो. मी माझ्या भावाला कागदाच्या गोदामातली खोली स्वतंत्र दिली. नऊ दिवस कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. त्याच खोलीत त्याच्या नऊ कविता झाल्या. थोर साहित्यात माझा हा खारीचा वाटा.'" खाली तारीख होती. तीन ते अकरा मार्च, आणि साल.

"वा," जावईबापू म्हणाले. जावईबापू म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. वय बहात्तर, पण या घरात तो जावई म्हणून आला आणि जावई म्हणूनच जाणार हे ठरलेलं. त्याचं कुलूपकड्यांचं दुकान होतं, आणि जगातल्या सगळ्या माणसांची त्याने दोन भागांत वाटणी केली होती: चांगलं कुलूप ओळखणारे आणि उरलेले.

"आता माझं," वहिनी म्हणाल्या. दादांच्या पत्नी. त्यांनी कार्डाला किंचित अत्तर लावलं होतं.

"'मधले भाऊजी माझ्या हातचं आवडीने जेवायचे. खिडकीच्या गजांमधून ताट जाईना, म्हणून मी दुकानं पालथी घालून अरुंद डबा शोधून आणला. डबा रिकामा परत आला की माझं पोट भरायचं.' सहा मार्च."

"गजांमधून का?" चिमणीने विचारलं.

"अगं, लिहिताना त्यांना व्यत्यय नको म्हणून," वहिनी म्हणाल्या आणि पदराने कपाळ टिपलं. कपाळ कोरडं होतं.

चिमणीने हात पुढे केला आणि दोन्ही कार्डं आपल्याजवळ घेतली. काउंटरवर कुणी औषध परत आणलं की ती बाकीचं काहीच वाचत नसे. डोळा आधी खालच्या कोपऱ्यात जाई, तारखेवर. आताही तिथेच गेला.

"पुढचं," ती म्हणाली.

पुढचं जावईबापूंचं होतं, आणि ते वाचून व्हायच्या आत बापू स्वतःच ओठ हलवत होते, पाठ असल्यासारखे. "'मेहुण्यांच्या खोलीसाठी मी स्वतः पितळी कुलूप भेट दिलं. सात लिव्हर, घट्ट खटका, आतून कितीही धक्के बसले तरी हललं नाही. एकतीस वर्षांत गंज नाही. असा माल आता मिळत नाही.' तीन मार्च."

डिंकाचा वास एकदम जास्त येऊ लागला. दादा मेहुण्याकडे अशा नजरेने बघत होते की एखाद्या कमकुवत कुलपाने तिथेच कडी सोडली असती.

"बापू," दादा दातांवर दात ठेवून म्हणाले, "आठवण माणसाची लिहायची होती."

"लिहिली की! माणूस नऊ दिवस आत राहिला, कुलूप म्हणून राहिला. कुणी सांगा हे कुलूप उघडलं म्हणून!"

दोनशे ऐंशी पानं प्राध्यापकाच्या डोळ्यांपुढून जात असावीत. "म्हणजे ते दार," तो पुटपुटला, "ते दार जे आहे ते... बंद होतं? बाहेरून?"

"मग काय आतून?" बापू म्हणाले. "कुलूप बाहेरूनच लावतात. तुम्ही शिकलेली माणसं ना?"

धाकटी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. साठी उलटली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तिने लोकांची बोलणी जोडून दिली, आणि स्वतःच्या भावाविषयी मात्र एक अक्षर कुणाला पोचवलं नाही. पन्नास शब्दांचं बोलावणं आलं त्या रात्रीपासून ती नीट झोपली नव्हती. तिच्या मनात आलं होतं, पन्नास शब्दांत मोठं काही सांगता येत नाही, म्हणजे सांगितलं तरी सांगितल्यासारखं होणार नाही. या भित्र्या हिशेबाने तिने ते लिहिलं होतं. आता कार्ड परत घ्यावं म्हणून हात पुढे केला, तोवर प्राध्यापक वाचू लागला होता.

"'माझा भाऊ घड्याळ वापरत नसे. पण त्या दिवशी मी खिडकीशी गेले की विचारायचा, किती वाजले? सकाळी सातला विचारलं, आठला विचारलं, नऊला विचारलं. दहा वाजल्यावर विचारायचं थांबवलं.' नऊ मार्च."

चिमणीने चारही कार्डं टेबलावर एका ओळीत लावली. तीन मार्च, कुलूप. सहा मार्च, डबा. नऊ मार्च, किती वाजले. आणि वरती आडवं दादांचं, तीन ते अकरा.

"माझं ऑपरेशन नऊ मार्चला होतं," ती म्हणाली. "सकाळी दहा वाजता."

"योगायोग," दादा म्हणाले.

"मोठे काका, तुम्ही लेबल छापता, मी लेबल वाचते. मला योगायोग सांगू नका. काय झालं होतं?"

दादांनी कोटाचं बटण काढलं, लावलं, परत काढलं. या घरात त्यांना कुणी कधी 'काय झालं होतं' असं विचारलं नव्हतं. काय झालं ते तेच सांगायचे आणि बाकीचे मान डोलवायचे.

"काय झालं होतं? धंदा बुडत होता, ते झालं होतं! छपाईचे खिळे जुळवायच्या कामावर ठेवला त्याला, दया म्हणून. खोकल्याच्या औषधाचं लेबल. लिहायचं काय? दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. याने काय जुळवलं? दिवसातून तीन वेळा, कुणाची आठवण आल्यानंतर! दहा हजार बाटल्या गेल्या बाजारात. दहा हजार!"

त्या बाटल्यांची कीर्ती भलतीच झाली. माणसं खोकला नसताना औषध मागू लागली, एका विधुराने एका दुपारी चार बाटल्या संपवल्या, आणि औषधाच्या कारखान्याचा खप तिप्पट झाला. पण खप वाढला म्हणून साहेबाचा राग कमी होत नाही. उलट आपल्याशिवाय वाढला म्हणून जास्त होतो.

"कारखान्याचा साहेब अकरा तारखेला इथे येणार होता," दादा सांगत होते. "आणि हा काय म्हणे, मी साहेबाला भेटतो, समजावतो. हा समजावणार! पिऊन! मी म्हटलं साहेब येऊन जाईपर्यंत राहू दे आत. चांगली खोली होती. उजेड होता."

"तो पिऊन पडला होता असं हॉस्पिटलात येऊन कुणी सांगितलं?" हा प्रश्न गणितबाईंचा होता. त्यांनी जागेवरूनच विचारला, शांतपणे, फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाला विचारावा तसा. "जाऊबाई, तुम्ही आला होतात. दहा वाजून पाच मिनिटांनी. बरोबर आठवतंय मला."

वहिनींनी या घरातल्या सुना पिढ्यानपिढ्या करत आल्या तेच केलं, नवऱ्याकडे बोट दाखवलं. "मला यांनी सांगितलं ते मी सांगितलं. मी कशाला खोटं बोलू? बोलायला लावलं यांनी."

"तू? तूच म्हणालीस, नाहीतर ती इथे येऊन तमाशा करेल म्हणून!"

"मी म्हणाले होते सोडा त्यांना एक तासभर!"

"कधी म्हणालीस? तारीख सांग!"

"मला तर," जावईबापूंनी घाईने आपला पाय काढून घेतला, "गोदामासाठी म्हणून कुलूप मागितलं होतं. आत कागद आहे की माणूस, हे दुकानदार विचारतो का? आणि एक नाही, तीन किल्ल्या दिल्या होत्या. त्या मॉडेलला तीनच येतात. कुणीही उघडू शकलं असतं."

"तीन?" चिमणी म्हणाली. "कुणाकुणाकडे?"

बापूंना धंद्यातला प्रश्न विचारला की त्यांचं भान सुटत असे. "एक दादांकडे. एक वहिनींकडे, डब्याची वेळ होई तेव्हा... नाही, डबा तर खिडकीतून जायचा. असो. आणि तिसरी आमच्या हिच्याकडे."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती बसली. खुर्ची नव्हती, कागदाचा गठ्ठा होता, त्यावर बसली.

"आत्या?" चिमणी म्हणाली.

"पर्समध्ये होती," धाकटी म्हणाली. "नऊ दिवस. कामावर जायचे तेव्हाही बरोबर असायची. मी खिडकीशी उभी राहून त्याला वेळ सांगायचे आणि किल्ली पर्समध्ये असायची. त्याला माहीत नव्हतं. त्याने एकदाही उघड म्हटलं नाही गं मला. नुसतं किती वाजले. म्हणाला असता तर..."

"तर काय केलं असतंस?"

"दादाला विचारलं असतं," धाकटी म्हणाली. तिचं तिलाच ते इतकं किळसवाणं वाटलं की ती भिंतीकडे तोंड करून बसली.

चिमणीला वाटलं होतं राग येईल. पण आधी आलं ते काहीतरी हलकं, चक्कर येताना येतं तसं. एकतीस वर्षं एका प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर या चार कार्डांनी खोटं पाडलं होतं. बाबा येणार नव्हते असं नव्हतं. बाबा सातला तयार होते. आठला तयार होते. तिने दोन वेळा डॉक्टरांना थांबवलं तेव्हा ते खिडकीशी उभे होते.

दादांनी तेवढ्यात कार्डांकडे हात नेला. "हे बघा, असं छापता येणार नाही. मी नवं लिहितो. बाकीच्यांचंही मीच बघतो."

"हात लावू नका," चिमणी म्हणाली. "मी सही करते. पण ही कार्डं आहेत तशी छापायची. तारखांच्या क्रमाने. एकही अक्षर इकडचं तिकडे झालं तर सही परत."

"घराण्याची अब्रू जाईल!"

"तुम्हीच लिहिली आहे, काका. मी फक्त क्रम लावला."

"तारीख तरी काढू," दादा म्हणाले. आवाज इतका खाली आला होता की कोट त्यांना मोठा दिसू लागला. "नुसती तारीख काढू. बाकी सगळं राहू दे."

प्राध्यापक कुणाकडे बघत नव्हता. त्याच्या मनात दोनशे ऐंशी पानांचं एक दार एका सात लिव्हरच्या पितळी कुलपासमोर उभं होतं आणि त्याला उघडताही येत नव्हतं, बंदही करता येत नव्हतं. सवयीने त्याने शेवटचं कार्ड उचललं. "अजून एक राहिलंय," तो म्हणाला. "बाईंचं. फार छोटं आहे. 'तो आला नाही.' नऊ मार्च."

तीन शब्द. गणितबाईंना त्यांचा अभिमान होता. सत्तेचाळीस शब्द शिल्लक ठेवून त्यांनी एका माणसाचा निकाल लावला होता.

"हे पण छापायचं?" प्राध्यापकाने चिमणीला विचारलं.

"छापा," चिमणी म्हणाली. "खरंच आहे ते. आले नाहीत. का, ते आता कळलं."

"नाही," गणितबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. पर्स मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. टेबलापाशी आल्या आणि प्राध्यापकाच्या बोटांतून कार्ड काढून घेतलं.

"अरे व्वा," दादा एकदम सावरले. "यांना परत मिळतं आणि मला नाही? हा कुठला न्याय?"

"भाऊजी, तुम्ही खरं लिहून अडकलात. मी खोटं लिहिलंय." त्यांनी कार्डाचे दोन तुकडे केले, मग चार. "चिमे, तो आला होता. नऊला नाही. बारा तारखेला सकाळी, घरी. तू हॉस्पिटलात होतीस, मी कपडे न्यायला आले होते. दाढी वाढलेली, हात पेन्सिलीच्या शिशाने काळे. मी खिडकीतून बघितलं. तो दार वाजवत होता आणि मी आत उभी होते."

"किती वेळ?" चिमणीने विचारलं.

"मी मोजलं होतं," गणितबाई म्हणाल्या. "त्याने बावीस वेळा वाजवलं. मग पायरीवर बसला. मी मागच्या दाराने हॉस्पिटलात गेले. तू विचारलंस बाबा आले का, आणि मी नाही म्हणाले. पुढे तो पुन्हा आला नाही, मीही बोलावलं नाही."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चिमणी आईकडे बघत राहिली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं ओळखणाऱ्या बाईला हे एक दुखणं एकतीस वर्षं शेजारच्या खोलीत झोपत असून दिसलं नव्हतं.

प्राध्यापकाने नवं कार्ड पुढे केलं. त्याला दुसरं काही सुचलं नाही. "बाई, मग हे... म्हणजे नव्याने... पन्नास शब्दांपर्यंत..."

गणितबाईंनी कार्ड बाजूला सारलं. जिथे दादा बसत त्या खुर्चीपाशी गेल्या. दादा उठले, का उठले ते त्यांनाही कळलं नसावं. गणितबाई बसल्या, कोऱ्या कागदाचा अख्खा गठ्ठा पुढ्यात ओढला, आणि चिमणीकडे पेनासाठी हात केला.

चिमणी लगेच हलली नाही. मग तिने, जे पेन दादांनी सहीसाठी तिच्यापुढे ठेवलं होतं, ते दिलं.